तिसरी चावी

गाडी घ्यायची हे मी ठरवलं ते नवऱ्याच्या डोळ्यांमुळे. ह्यांना काचबिंदू आहे हे कळलं तोवर उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती. ऐन उमेदीत साताऱ्याकडच्या गावाहून येऊन ह्यांनी कांदा-बटाटा मार्केटात माथाडीचं काम केलं, पाठीवर पोती वाहून कोपरखैरण्यात घर केलं, आणि आता जिना उतरताना ते पायाने पायरी चाचपायला लागले होते. नेरुळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सारख्या खेपा असायच्या. रिक्षावाले तिकडे यायला नाही म्हणत, आणि मोबाइलवरून बोलावलेली गाडी निम्म्या वाटेत रद्द होई. एकदा असेच रस्त्याच्या कडेला उन्हात उभे असताना ते म्हणाले, "मी आता तुला ओझंच झालोय." जन्मभर ओझी वाहिलेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द मला सोसला नाही. त्याच आठवड्यात मी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

पन्नाशीला टेकलेल्या बाईला गाडी शिकवताना आमच्या मास्तरांचा जीव मेटाकुटीला आला असणार. क्लच सोडला की गाडी बैलासारखी उसळी मारून बंद पडायची. मागचे हॉर्न वाजवायचे, मास्तर कपाळाला हात लावायचे. पुण्यात नोकरीला असलेला आमचा मुलगा फोनवर हसायचा. पण मी रोज पहाटे जात राहिले. लायसन्स हातात आलं त्या दिवशी पेढे वाटले, आणि जुनी का होईना, पण आपली गाडी शोधायला लागले.

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी औषधांची खोकी तपासायचं काम करते. छपाई पुसट झालेली, घडी वाकडी गेलेली, डिंक सुटलेला माल बाजूला काढायचा. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी जी मैत्रीण बसायची ती मूळची इथलीच, खाडीकाठच्या गावातली. तिच्या सासरची भातशेती होती त्या जागी आता सेक्टर आहेत. वयाने माझ्याहून लहान, मला ताई म्हणायची. डबा एकत्र, सणाला एकमेकींच्या घरी ताटं. मी गाडी बघतेय कळल्यावर तीच म्हणाली, "ताई, माझा दीर त्याची विकतोय. घरचीच गाडी हाय. बाहेर कशाला बघता?"

दीर चाळिशीतला, बोलायला गोड. पांढरी, छोटी गाडी होती. धुऊन-पुसून उभी केलेली, सीटना नवी कव्हरं. मी त्याला सगळं विचारलं. किती जणांच्या हातून गेली, कधी ठोकली का, कोण चालवायचं. तो म्हणाला, एकच हात फिरलाय, बायको पोरांना शाळेत सोडायला नेते, लग्नकार्याला जातो, एवढंच. मी मुद्दाम पुन्हा विचारलं, घरच्याशिवाय दुसऱ्या कुणाला दिली होती का. तो हसला. "नाय ओ ताई. माझ्या भावाला पन हात लावू दिला नाय."

ड्रायव्हिंगच्या मास्तरांना दाखवली. त्यांनी इंजिन ऐकलं, एक चक्कर मारली, ठीक आहे म्हणाले. पैसे दिले, गाडी माझ्या नावावर झाली. त्याने दोन चाव्या माझ्या हातात ठेवल्या आणि एवढ्याच आहेत म्हणाला. आम्ही चाकांपुढे नारळ फोडला. ह्यांनी गाडीच्या अंगावरून हात फिरवून ती बघितली, पार पुढच्या दिव्यापासून डिकीपर्यंत. मग पुढच्या सीटवर बसून म्हणाले, "चला बाई. कुठं नेताय?"

पहिले काही महिने चांगले गेले. दवाखान्याच्या खेपा सोप्या झाल्या. मी घाबरत-घाबरत पाम बीच रोडवर गेले, मग वाशीच्या खाडीपुलावरून चेंबूरला, आणि एका सुट्टीत धाडस करून थेट गावाला. खंबाटकीचा घाट मी दुसऱ्या गिअरवर, दातावर दात दाबून चढले. गावात जाऊबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. सासरे हयात नव्हते, पण चुलत सासरे काठी टेकत बाहेर आले आणि गाडी कुणी चालवत आणली ते दोनदा विचारून गेले.

एक गोष्ट मात्र राहून राहून खटकायची. मी गाडी झाडली की पायपुसण्यांखालून वाळू निघायची. खाडीची काळी माती असती तर समजलं असतं, पण ही समुद्राची बारीक, पांढरट वाळू होती. पुसावं, व्हॅक्यूम करून आणावं, पुन्हा कुठल्यातरी सांदीतून यायचीच. मागच्या सीटचं कव्हर एकदा धुवायला काढलं तर खाली सिगारेटने जळाल्याचे डाग दिसले. बसमध्ये मैत्रिणीला बोलले. तिने दिराला विचारलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी म्हणाली, आम्ही सगळे अलिबागला जातो ना अधूनमधून, तेव्हाची असेल. मी तो विषय सोडला.

मग तो रविवार आला. सकाळी मी बादली आणि फडकं घेऊन गाडी पुसायला खाली उतरले, तर गाडीचं इंजिन चालू होतं. आत एक अनोळखी माणूस बसला होता. त्याने सीट मागे सरकवली होती, आरसा नीट करत होता, जणू रोजचीच गाडी. क्षणभर मला वाटलं, आपणच दुसऱ्याच्या गाडीपाशी आलो. नंबर बघितला. माझाच होता.

मी बादली खाली ठेवली आणि गाडीच्या पुढ्यात उभी राहिले. दोन्ही हात बॉनेटवर ठेवले. भीती वाटली का असं पुढे पुष्कळांनी विचारलं. त्या वेळी नाही वाटली. त्याने हॉर्न वाजवला, मी हलले नाही. शेवटी तो काच खाली करून म्हणाला, "मॅडम, बाजूला व्हा. तुमचं बुकिंग संपून गेलंय, फोन उचलत नाय तुमी. गाडी जमा करायची आहे."

"कसलं बुकिंग? गाडी माझी आहे."

"सगळे असंच बोलतात मॅडम."

तोवर वॉचमन धावत आला, वरच्या मजल्यावरचे दोघे उतरले. त्या माणसाने इंजिन बंद केलं, पण चावी हातात घट्ट धरून ठेवली. माझ्या दोन्ही चाव्या घरात, खिळ्याला. ही तिसरी. मी वॉचमनला वर पाठवून गाडीचे कागद मागवले आणि त्या माणसाला माझं नाव दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने स्वतःचा मोबाइल मला दाखवला. नकाशावर एक ठिपका होता, आणि तो आमच्याच बिल्डिंगवर होता.

तो माणूस वाईट नव्हता. पगारावर काम करणारा, गिऱ्हाइकाने वेळेत परत न केलेल्या गाड्या आणून लावणारा. त्याने सांगितलं ते असं. तीन-चार जणांनी मिळून गाड्या घेतल्यात, भाड्याने देतात. चालवणारा गिऱ्हाईकच, ड्रायव्हर नाही. पोरं-पोरी घेऊन जातात, लोणावळा, अलिबाग, गोवा. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या आहेत, त्या अशा भाड्याने द्यायला कायद्याने परवानगी नाही, म्हणून सगळं ओळखीत आणि मोबाइलवर चालतं. प्रत्येक गाडीत डॅशबोर्डच्या आत एक यंत्र बसवलेलं असतं, गाडी कुठे आहे ते कळायला. ही गाडी त्यांच्याकडे आली तेव्हापासून भाड्यावरच होती. अशाच दुसऱ्या एका पांढऱ्या गाडीचं गिऱ्हाईक दोन दिवस गायब होतं, आणि मोबाइलवर नावांची अदलाबदल झाल्याने तो माझ्या दारात पोचला होता. ही विकली गेलीय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी ती चावी मागितली. मालकाला विचारतो म्हणाला. मी म्हटलं, मालक तुमच्यासमोर उभी आहे. त्याने चावी दिली, हात जोडले आणि चालत गेटबाहेर गेला.

मैत्रिणीच्या दिराला फोन लावला. आधी त्याने गडबड झाली म्हणून माफी मागितली. मग तो माणूस चुकून आला, त्याला कामावरून काढतो म्हणाला. मी विचारलं, गाडी भाड्याने देत होता की नाही.  तो म्हणाला, "ताई, गाडी चालतेय ना चांगली? मग टेन्शन कशाला घेता? यंत्र काढून देतो, फुकटात सर्व्हिसिंग करून देतो."

घरातही तोच सूर. मुलगा म्हणाला, आई, जाऊ दे, जुन्या गाडीत असं चालायचंच. हे म्हणाले, त्या पोरीशी तुझे संबंध आहेत, ताणू नकोस. शेजाऱ्यांचं म्हणणं, चावी मिळाली ना, मग झालं. सगळ्यांचं बरोबर असेल. पण मला सारखं एकच दिसत होतं. मी घाट चढत होते, दवाखान्याबाहेर थांबत होते, गावच्या अंगणात उभी होते, आणि कुणीतरी अनोळखी माणूस मोबाइलवर माझा ठिपका बघू शकत होता. गाडी माझी झाल्यावरही ती त्यांच्या हातातून सुटलीच नव्हती.

मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी आधी समजूतच घातली. हा आपसातला व्यवहार आहे बाई, मिटवून टाका. मी म्हटलं, मला भांडायचं नाही, पण एक माणूस चावी घेऊन माझी गाडी न्यायला आला होता एवढं लिहून घ्या. साहेब येईपर्यंत बसा म्हणाले. बसले. चहावाला येऊन गेला, माणसं बदलली, मी बाकावरच. साहेब आले तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली, अशा अजून किती चाव्या बाहेर असतील ते तुम्हाला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. त्यांनी हवालदाराला लिहून घ्यायला सांगितलं.

सोमवारी बसमध्ये मैत्रीण माझ्या शेजारी बसली नाही. मागच्या सीटवर गेली. जेवणाच्या सुट्टीत मीच तिच्यापाशी गेले. ती डब्याकडे बघत म्हणाली, "ताई, घरात पोलिसांचा फोन आला. सासरी मला तोंड दाखवायला जागा राहिली नाय." मी विचारलं, तुला ठाऊक होतं?  तिच्या डोळ्यांत पाणी आलं तशी मी उठले. उत्तर मला कळलं होतं, आणि त्या दिवशी माझा डबा तसाच घरी परत आला.

पुढच्या सुट्टीला, मी नको म्हणत असताना हेही सोबत आले, आणि आम्ही दोघं गाडी घेऊन त्या गावात गेलो. जुनं गावठाण, पण घर तीन मजली, खाली भाडेकरू. दीर घरीच होता. त्याची म्हातारी आई टीव्हीसमोर खाटेवर बसून वाल सोलत होती. त्याने खुर्च्या दिल्या, सरबत आणलं. मी सरबत घेतलं नाही. म्हटलं, गाडी परत घ्या, माझे पैसे परत द्या.

तो पुष्कळ बोलला. गाडीत खोट काय ते दाखवा. इंजिन बघा, टायर बघा. भाड्याने दिली म्हणून काय गाडीला रोग लागतो का. वापरलेली गाडी कोण परत घेतं. मी ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "खरं सांगू का ताई? आधी सांगितलं असतं तर तुमी घेतली असती का?"

"नसती घेतली," मी म्हटलं. "म्हणूनच सांगायला हवं होतं."

  म्हातारीने रिमोट शोधून टीव्ही बंद केला. तिने माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. हे खुर्चीचा हात चाचपत बसले होते.

"गारी भाऱ्यानं जायाची, सगल्या गावाला ठावं हाय," ती मला म्हणाली. "तुला नाय सांगितला ह्यानं?"

"मी विचारलं होतं, आजी. दोनदा विचारलं."

म्हातारी मुलाकडे वळली. आवाज चढवला नाही. "सरकारनं आपल्या जमिनी घेतल्या तवा आपल्याला पन कोनी पुरा सांगितला नव्हता. तुजा बाप मरंपरत त्योच बोलत व्हता. इसारलास?" मग पुन्हा वाल सोलायला घेत म्हणाली, "तिचा हाय तो तिला देऊन टाक."

तो उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळाने आत आला आणि म्हणाला, एकदम नाही जमणार, दोन टप्प्यांत देतो. मी कबूल केलं. सगळे पैसे हातात आल्याशिवाय गाडी माझ्याच दारात राहील, हेही कबूल करून घेतलं. आणि त्याच दिवशी त्याच्या ओळखीच्या वायरमनकडून डॅशबोर्ड उघडवून ते यंत्र माझ्यासमोर बाहेर काढलं. काडेपेटीएवढी काळी डबी. मी ती तिथेच टाकली नाही, त्याच्या हातात दिली.

पहिला टप्पा वेळेवर आला. दुसऱ्याची वाट बघत असताना गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी होती. मी ती चालवायची नाही असं ठरवलं होतं. पण एका सकाळी ह्यांचा डोळा अचानक लाल झाला, कपाळ ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. डोळ्यातला दाब वाढला की असं होतं, डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, एक मिनिट घालवू नका म्हणून. मी कव्हर ओढून टाकलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. सायन-पनवेल रस्त्यावर मी कधी नव्हे ती इतक्या वेगात गेले. डॉक्टरांनी थेंब घातले, गोळ्या दिल्या, लेझर केलं. वेळेत आणलंत म्हणाले. डोळा वाचला.

परत येताना हे डोळ्याला पट्टी लावून शेजारी बसले होते. तुर्भ्याच्या सिग्नलला म्हणाले, "गाडी गुणाची आहे गं. ठेव आता. तिनं काय बिघडवलंय आपलं?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच चाललं होतं. स्टिअरिंग हाताच्या सवयीचं झालं होतं. त्या गाडीवर माझा राग कधीच नव्हता. एक फोन केला असता तर सगळे खूश झाले असते, दीर, मैत्रीण, मुलगा, हे. सिग्नल सुटला. मी म्हटलं, "गाडी चांगलीच आहे. परत द्यायची ती त्यासाठी नाही." ह्यांनी मान डोलावली. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

दुसरा टप्पा उशिराने आला, मागे लागून आला, पण आला. दीर स्वतः गाडी न्यायला आला. मी तिन्ही चाव्या त्याच्या हातात दिल्या. कागद पुन्हा त्याच्या नावावर करायच्या सह्या केल्या. तो नुसता "येतो" म्हणाला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होते. मग वर आले. मी भांडी घासायला घेतली.

पुढे वाशीतल्या एका निवृत्त शिक्षिकेची गाडी बघितली. रंग उडालेला, वयाने आधीच्या गाडीहून बरीच मोठी. बाईंनी दार उघडायच्या आधीच सांगितलं की डावीकडून एकदा जोरात ठोकली आहे, दरवाजा नवा बसवलाय, आणि पावसात डिकीत पाणी येतं. मास्तरांनी नाक मुरडलं. मी त्याच दिवशी ती नक्की केली. डिकीत पाणी खरंच येतं. पावसाळ्यात आम्ही तिथे पातेलं ठेवतो.

मैत्रीण मात्र वर्षभर मागच्या सीटवरच बसली. समोरासमोर आलो की मान हलवायची, तेवढंच. दिवाळीला मी ताट पाठवलं, ते रिकामं, स्वच्छ धुऊन परत आलं, एरवी तिच्याकडून रिकामं ताट कधी यायचं नाही. मी मनाला लावून घेतलं, पण कामावर गेले, खोकी तपासली, घरी आले. मी केलं ते चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही, आणि ती गेल्याचं दुःख झालं नाही असंही नाही. दोन्ही सोबत घेऊनच ते वर्ष काढलं.

मग एका संध्याकाळी ती बसमध्ये येऊन माझ्या शेजारी बसली. जणू कालच बसली होती.  घणसोली मागे पडल्यावर म्हणाली, तिच्या मुलीला कॉलेजला जायला जुनी स्कूटर घ्यायची आहे, ऐरोलीत एक जण विकतोय, घरातले सगळे म्हणतायत चांगली आहे.

"रविवारी बघायला जायचंय," ती म्हणाली. "ताई, तुमी याल का? मला नाय विचारता येत तसं."

मी विचारलं, किती वाजता.